चंबूतलं विरजण

३ एप्रिल १९८९, सोमवार

पोचलो एकदाचे. यावल, जळगाव, धुळे, दोंडाईचा. दर ठिकाणी पोतं उतरवलं, चढवलं आणि दर ठिकाणी कंडक्टरशी भांडले. ह्यांचा पाय लांब ठेवायला दोन माणसांची जागा लागते. तो म्हणे, बाई, पाय खाली घ्या. म्हटलं, तुझ्या डोक्यावर ठेवू का? मग तिकीट फाडून पुढं गेला.

जागा मात्र झकास आहे. बंद पडलेली सरकीच्या तेलाची गिरणी आहे, तिच्या मागच्या अंगाला आमची खोली. कौलं शाबूत, दारात नळ, दारापुढे निंबाचं मोठं झाड. बाज निंबाखाली टाकली आणि ह्यांना तिच्यावर बसवलं तर हे हसले. तेरा महिन्यांनी हसलेलं बघितलं.

ही जागा पंडित सरांची. सर आमच्या यावलचेच, त्यांच्या बापाच्या केळीच्या बागेत आम्ही दोघं वीस वर्षं राबलो. पोरगं शिकत शिकत परदेशापर्यंत गेलं आणि परत आलं ते दोंडाईच्याला, गिरणीत प्रयोगशाळा काढायला. मदतीला बाई पाहिजे होती. अनोळखी नको, म्हणाले, सुगंधाबाईला बोलवा. आले.

सरांचा एक हुकूम आहे. रोज काय केलं, काय सांडलं, काय फुटलं ते लिहायचं. चौथी पास आहे मी, लिहायला काय जातंय! प्रयोगशाळेतली वही खिळ्याला टांगलेली आहे. ही दुसरी मी माझी केली. तिथं कामाचं लिहीन, इथं मनातलं.

५ एप्रिल, बुधवार

आमच्या घरात कधी अंडं आलं नाही आणि आज मी दोनशे अंडी फोडली. पांढरं एकीकडे, पिवळं एकीकडे. अंडी आणते भिकुबाई, इथलीच आहे, फरशीही तीच पुसते. माझं तोंड बघून म्हणाली, व माय, अंडाले भेस का तू? बठ्ठा ताजा शेतस. इथले लोक सगळ्याला बठ्ठा म्हणतात आणि शे शे करतात. मला यावलची बोली ऐकायची सवय, दोन दिवस अर्धं डोक्यावरून गेलं, पण भांडताना दोघींनाही सगळं कळतं.

पिवळ्यातलं स्निग्ध काढायचं असतं. सर त्यात गोड वासाचं औषध ओततात, गाळतात, मग ते गोल बुडाच्या चंबूत घालून चंबू यंत्रावर फिरवत ठेवतात. औषध उडून जातं आणि काचेला आतून पातळ पापुद्रा धरतो. मग पाणी घालून हलवायचं, झालं. संध्याकाळी उरलंसुरलं चुन्याच्या खड्ड्यात टाकायचं आणि चंबू सोड्याच्या पाण्यात उकळून काढायचे. कालचं आजच्यात थेंबभर जाता कामा नये. हे सरांनी तीनदा सांगितलं. मी म्हटलं, एकदा सांगा, मला ऐकू येतं.

९ एप्रिल, रविवार

रविवार असून कामाला लावलं, पण आज सरांनी दुर्बिणीतून दाखवलं म्हणून राग गेला. एवढासा थेंब आणि त्यात हजारो पिशव्या. गोल, साबणाच्या फुग्यासारख्या. मी विचारलं, कोणी शिवल्या? सर म्हणाले, कोणीच नाही, पाणी मिळालं की स्निग्ध आपोआप वळतं, दोन पदरांची कातडी होते आणि पिशवी मिटते.

मग बराच वेळ समजावत बसले. आपलं अंग अशाच बारीक पिशव्यांचं आहे म्हणे. माणूस असो नाहीतर केळीचं झाड. पिशवीला कातडी आहे म्हणून आत वेगळं आणि बाहेर वेगळं, आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं ते ती कातडीच ठरवते. ती कातडी माणसाला बनवता येते का, असं मी विचारलं. येते, म्हणाले, कधीचीच येते, तुम्ही आता बनवलीत की. पण आत कोणी नाही. घर बांधता येतं, राहणारा आणता येत नाही. या पिशव्यांत औषध भरून नेमकं दुखऱ्या जागी धाडायचं, एवढंच सरांना करायचंय.

ह्यांची टाच मी रोज दोनदा धुते. साखरेची जखम. बोट आत जातं. धुळ्याच्या डॉक्टरांनी मे महिना संपेपर्यंत मुदत दिलीय, नाही भरली तर गुडघ्याखाली काढायची. वीस वर्षं केळीचे घड वाहिलेला माणूस. एका पायावर तो काय करणार आणि मी त्याला काय तोंडानं सांगणार.

मी सरांना म्हटलं, मग ह्यांच्या टाचेला धाडा ना औषध. सर म्हणाले, अजून दहा वर्षं लागतील, सुगंधाबाई. दहा वर्षं! मेचे शेवटचे दिवस दीड महिन्यावर आलेत.

१३ एप्रिल, गुरुवार

गरमीनं सगळं नासतंय. सहा चंबू लावले, पाच फुटले, म्हणजे दह्याचं पाणी सुटतं तसे. सर डोकं धरून बसतात. लाईट गेली की पंखा बंद आणि त्यांचं तोंडही बंद. शिकलेली माणसं अशी चटकन खचतात.

एक चंबू मात्र घट्ट बसला होता, छान दुधाळ. तो पण संध्याकाळी चुन्यात टाकायचा! माझा हात वळेना. कोणती बाई चांगलं लागलेलं दही सगळंच्या सगळं टाकते? चमचाभर ठेवते आणि उद्याच्या दुधात घालते. आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं. मी वाटीभर काढून ठेवलं, ओलं फडकं गुंडाळून माठाच्या बुडाशी. उद्या सहाही चंबूंत पळी पळी घालीन. खिळ्याच्या वहीत काही लिहिलं नाही.

१७ एप्रिल, सोमवार

चार दिवस झाले, एक चंबू फुटला नाही. सर उड्या मारतात. म्हणाले, सुगंधाबाई, तुमच्या हाताला गुण आहे. मी म्हटलं, आहेच.

रोज संध्याकाळी ज्या चंबूतलं काचेला घट्ट धरून राहतं, हलवलं तरी सुटत नाही, ते विरजणाला ठेवते. बाकीचं ओतून देते.

२० एप्रिल, गुरुवार

आता नुसतं पाणी घातलं तरी वर साय धरते. गायीच्या दुधाला धरते तशी, पण आरपार दिसणारी. बोटानं उचलली तर अख्खी येते, तुटत नाही. आणि गार लागते. बाहेर ऊन असं की पत्र्यावर पापड भाजतील, आणि ही गार.

साय काढताना माझ्या तर्जनीला काच लागली होती. खोलीवर येऊन हळद लावायला बघते तर चीर कुठंय तेच सापडेना.

२२ एप्रिल, शनिवार

लावली. आता लिहूनच टाकते. दुपारी ह्यांची टाच धुतली, कोरडी केली आणि वाटीतली साय तीन पदर करून जखमेवर पसरली. हे म्हणाले, काय गं हे? म्हटलं, मलम आहे, गप पडा. म्हणाले, गार वाटतं. मग झोपले. वर्षभर पडल्या पडल्या कण्हणारा माणूस निंबाखाली घोरत झोपला.

सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर दहा वर्षं म्हणाले असते.

२३ एप्रिल, रविवार

भरली. बोट जात होतं तिथं गुळगुळीत कातडी आहे. वासही नाही. मी दारात बसून रडले, मग भिकुबाई आली तेव्हा डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं. तिनं टाच बघितली आणि कपाळाला हात लावला. एवढीशी पोरनी टाच दिखस व, म्हणाली.

२५ एप्रिल, मंगळवार

हे चालले. गिरणीभोवती पूर्ण एक चक्कर. हातात काठी होती पण टेकली नाही. मी मागून चालत होते, कधी पडतात म्हणून. पडले नाहीत. मीच ठेचकाळले.

फक्त एक आहे. तळपायाच्या रेघा गेल्यात. भेगा जाव्यात, बरंच झालं, पण रेघा पण? काचेसारखा पाय. असू दे. आहे ना पाय.

२८ एप्रिल, शुक्रवार

आज चंबूत माशी पडलेली दिसली. तिच्याभोवती आरपार पिशवी. ती परवा पडलेली असणार, कारण परवा मी तो चंबू लावला आणि बूच घातलं. तर तिचे पाय हलत होते. पाण्याच्या तळाशी, दोन दिवस. मी हात झटकून चंबू खाली ठेवला.

दुपारी सरांनी दुर्बिणीतून बघता बघता हाक मारली. आवाज वेगळाच. मी डोळा लावला. एक पिशवी लांब झाली, मध्ये बारीक झाली आणि दोन झाल्या. मग त्या दोघींच्या चार. सरांनी आधी माझे दोन्ही हात धरून हलवले आणि मग एकदम सोडले. विचारलं, काय केलंत तुम्ही? मी म्हटलं, वहीत लिहिलंय तेच. त्यांनी खिळ्याची वही काढून पहिल्या पानापासून वाचली. मी फरशी पुसत राहिले. फरशी पुसायचं काम माझं नाहीच.

१ मे, सोमवार

सांगून टाकलं. लपवून ठेवणं मला जमत नाही. आणि सांगायला कारण झालं. ह्यांच्या पायाची बोटं जुळलीत. पाचही. मध्ये फट नाही, नखं नाहीत, नुसतं पुढून गोल. गुळगुळीतपणा घोट्याच्या वर चार बोटं चढलाय.

सर ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत, खाली बसले. म्हणाले, ती जिवंत नाही, सुगंधाबाई, पण तुम्ही तिला निवडलंत. रोज जी सगळ्यात घट्ट धरते तीच तुम्ही पुढं नेलीत, अठरा दिवस. आता तिला धरण्याशिवाय काही येत नाही. मी विचारलं, सोड्यानं उतरेल का? चंबू तर उतरतात. म्हणाले, उतरेल, पण तुमच्या झिपरूभाऊंची स्वतःची कातडी पण त्याच मसाल्याची आहे. सोडा आपलं-परकं बघत नाही. दोन्ही विरघळेल.

मग उठून म्हणाले, आत्ताच्या आत्ता धुळ्याला चला. गुडघ्याखाली काढून टाकू, आज कापलं तर बाकीचं अंग सुटेल.

मी नाही म्हटलं. हे पण नाही म्हणाले. वर्षानं पाय मिळाला तो कापून देऊ? सरांनी माझ्यापुढे हात जोडले, एवढा शिकलेला माणूस. मी दार लावून घेतलं.

२ मे, मंगळवार

सर एकटेच धुळ्याला जाऊन आले. डॉक्टर हसले म्हणे. जखम भरलेला पाय कोण कापतं, म्हणाले, तुम्ही उन्हातून आलात, पाणी प्या. मी जेवताना ह्यांना सांगितलं तर हे पण हसले.

जेवले नाहीत मात्र. भूक नाही म्हणाले. काल पण नव्हती.

४ मे, गुरुवार

सर मुंबईला गेले, त्यांच्या गुरुजींना आणायला. मंगळवारी येतो म्हणाले. जायच्या आधी सगळे चंबू चुन्यात घातले, वाटी पण. वाटी घेताना माझे हात उलटेपालटे करून बघितले. ह्यांना उघड्या हातानं शिवू नका, म्हणाले.

नवऱ्याला शिवू नका! तेवीस वर्षं झाली लग्नाला.

गुडघ्याच्या वर गेलंय. बाज खोलीत घेतली.

५ मे, शुक्रवार

पाणी पाजलं तर गालावरून ओघळलं. आत जात नाही. ओठ उघडे आहेत, पण ओठांच्या आत पडदा आहे. दिसत नाही, चमचा अडतो. हे खुणेनं म्हणाले, तहान नाही. छान गार वाटतं. मी ओरडले त्यांच्यावर. ते हसल्यासारखे बघत राहिले.

मी विळा आणला, केळी कापायचा, तापवून पुसून घेतला. पडदा चिरला. रक्त नाही. मोठ्ठा श्वास घेतला त्यांनी आणि सुगंधा म्हणाले. कधी नावानं हाक मारत नाहीत.

भाकरी थापून होईस्तोवर परत मिटलं.

६ मे, शनिवार

सकाळपासून सात वेळा चिरलं. आता विळा लागत नाही, सरकतो. श्वास नाही. छाती हलत नाही. पण डोळे बघतात. मी डावीकडे गेले तर डावीकडे.

माशी. ती माशी आठवली. जिवंत ठेवते ती. आत काही जाऊ देत नाही आणि आतलं बाहेर — मरू पण देत नाही.

खिळ्याच्या वहीत आज सगळं खरं लिहून आले. विरजणाचं पण. सर मंगळवारी वाचतील.

भिकुबाई आली होती. दारातूनच परत लावली. ह्यांना गोवर आलाय म्हटलं. इतला म्हातारपने गोवर? असं काहीतरी पुटपुटत गेली.

७ मे, रविवार

कान बुजले. नाक नाही. डोळ्यांवर पण आरपार —

गिरणीतून सोड्याची बादली आणून ठेवली बाजेशी. मला करता येईल. मी अंडी फोडली, मी विरजण घातलं, हे पण मीच.

बादली उचलली तर त्यांनी मान हलवली. नको. का नको? असंच राहायचंय? मी खूप बोलले. ऐकू जात नाही त्यांना, तरी बोलले. पाय वाचवायला गेले आणि सगळा माणूस — कापला असता तर आज एका पायावर बाहेर निंबाखाली बसून शिव्या देत असता मला. भाकरी करपली म्हणून. मीठ कमी म्हणून.

त्यांनी हात पुढे केला. मी धरला. कोणी धरला नसता?

७ मे, दुपार

सुटत नाही.

डावा हात. मनगटापर्यंत. दुखत नाही. त्यांचा कुठला आणि माझा कुठला ते कातडीवरून —

बादली पोचत नाही. पायानं ओढायला गेले, आडवी झाली. फरशी चरचरली. गेला सगळा सोडा.

८ मे, सोमवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया

कोपर. खांदा. भूक नाही मला.

गुडघ्यात चमक आली. माझ्या नाही. त्यांच्या. मला कळली.

बाहेर झोक्यांची गाणी चाललीत. पोरी माहेरी आल्यात. इतकं ऊन आणि — गार. खरंच गार आहे. हे खोटं बोलत नव्हते.

नाही. गार नाही. लिहीत राहायचं.

८ मे, अजून

दार वाजतंय. भिकुबाई. म्हणते, उघड व माय, सनना दिवस शे, पुरनपोयी लई उनू, थंडी व्हई ऱ्हायनी.

ओरडायला गेले. जिभेला पडदा लागला. आवाज आतच राहतो.

हे उठले. पाय खणखणीत. मी ओढली जाते त्यांच्यामागे — त्यांना दाराकडे जायचंय. मला नाही जायचं. मला पण जायचंय. का जायचंय मला. हात पुढे करायचाय कोणीतरी धरावा म्हणून —

कडी माझ्या बाजूला आहे. उजवा हात अजून माझा. कडी नाही काढणार. लिहिते.

भिकुबाई पळ. हात लावू नको कोणाला. पुरणपोळी तिथंच टाक. सरांना सांग चुना आणा, गाडीभर आणा, आमच्यावर, आम्ही ओरडणार नाही.

पान फाडून दाराखालून सरकवते. घे, भिकुबाई. उचललं तिनं. दिसतंय फटीतून. उलटं धरलंय. फिरवून बघते आहे. म्हणते काय शे व हाई, आणि दाराला खांदा लावते —

तिला वाचता कुठं ये